जाहिरात सगळ्यात शेवटी: तंत्रज्ञानाशी फारशी ओळख नसलेल्या व्यावसायिकांसाठी ऑनलाइन मार्केटिंग

ऑनलाइन मार्केटिंग करायचं ठरलं की बहुतेक व्यावसायिक दोन गोष्टी करतात. सोशल मीडियावर धंद्याचं पान काढतात आणि पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं 'बूस्ट'चं बटण दाबतात. पैसे जातात, पाच-पन्नास अंगठे मिळतात, गल्ला होता तिथेच राहतो. मग 'आपल्या धंद्यात हे चालत नाही' असं ठरवून विषय संपतो. खरं तर जाहिरात अनेकदा तिचं काम करून मोकळी झालेली असते. ती पाहून आलेल्या माणसाला पुढे काय सापडलं, घोळ तिथे असतो.

गिऱ्हाइकाचा रस्ता साधारण असा असतो: गरज जाणवते, तो शोधतो, तुम्ही दिसता, तो तुमचा अंदाज घेतो, फोन किंवा मेसेज करतो, उत्तर मिळतं, काम ठरतं. या रस्त्याची डागडुजी शेवटच्या टोकापासून करत मागे यायचं. शेवटची टोकं दुरुस्त करायला जवळपास पैसे लागत नाहीत, आणि ती दुरुस्त असली तरच मागच्या टोकावर ओतलेला पैसा वसूल होतो. समजायला सोपं जावं म्हणून सोफा दुरुस्तीचा व्यवसाय उदाहरणाला घेऊ: कापड बदलणं, फोम भरणं, सांगाडा पक्का करणं. तुमचा धंदा दुसरा असेल, क्रम बदलत नाही.

आधी उत्तर द्यायची सोय

ऑनलाइन आलेला माणूस एकाच वेळी तीन-चार ठिकाणी चौकशी करतो. त्याच्या हातात फोन असतो आणि पुढचा पर्याय एका बोटावर. ज्याचं उत्तर आधी आणि नीट येतं, त्याच्याशी बोलणं पुढे सरकतं. म्हणून पहिलं काम म्हणजे मेसेजची व्यवस्था.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं, मोफत ॲप आहे. ते धंद्याच्या स्वतंत्र नंबरावर सुरू करा. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही; घरचा नंबर तिकडे नेला तर घरची सगळी संभाषणंही धंद्याच्या ॲपमध्ये येतात आणि संध्याकाळी वैताग येतो. ॲप सुरू झाल्यावर चार गोष्टी भरा. एक, प्रोफाइल: नाव, पत्ता, वेळ, कामाचं दोन ओळींत वर्णन. दोन, 'अवे मेसेज', म्हणजे बंद वेळेत आपोआप जाणारं उत्तर. त्यात 'लवकरच संपर्क करू' असं मोघम लिहू नका; 'सकाळी १० नंतर उत्तर देतो, तोपर्यंत सोफ्याचे समोरून आणि बाजूने दोन फोटो पाठवून ठेवा' असं लिहा. गिऱ्हाईक कामाला लागतं आणि दुसरीकडे जायचं थांबतं. तीन, 'क्विक रिप्लाय': रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकदा लिहून ठेवायची, मग तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येतं. असे ५० पर्यंत ठेवता येतात. सुरुवातीला सात-आठ पुरतात. चार, लेबल: 'नवीन', 'भाव सांगितला', 'काम ठरलं', 'पैसे बाकी'. दर संध्याकाळी 'भाव सांगितला' हे लेबल उघडायचं आणि दोन दिवसांपूर्वीच्या लोकांना एकदा विचारायचं. मोबदला न देता मिळणारी सगळ्यात मोठी विक्री याच लेबलात पडून असते.

भाव लपवणं ही आणखी एक जुनी सवय. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहिल्याने गिऱ्हाईक बांधलं जात नाही, ते पुढे सरकतं. नेमका भाव सांगता येत नसेल तर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि तो कशावर ठरतो (बैठकी किती, कापड कोणतं, फोम बदलायचा की नाही) एवढं सांगा. न परवडणारे लोक आपोआप गळतात आणि तुमचा वेळ वाचतो.

ॲपमध्येच 'शॉर्ट लिंक' तयार होते. ती दाबली की नंबर जतन न करता थेट तुमच्याशी संभाषण उघडतं. हीच लिंक पुढे सगळीकडे लावायची आहे, म्हणून स्वतः दुसऱ्या फोनवरून दाबून पाहा. हाताने लिंक बनवताना नंबर देशाच्या कोडसह, पण अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचं शून्य न लावता द्यावा लागतो. बहुतेक मोडक्या लिंका तिथेच मोडलेल्या असतात.

किल्ल्या कोणाकडे आहेत

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दोन वर्षांची मेहनत एका दिवसात जाते ती इथेच. ओळखीच्या मुलाने पान काढून दिलं, एजन्सीने वेबसाइट केली, आधीच्या कर्मचाऱ्याने गूगलवर दुकान टाकलं. सगळं त्यांच्या ईमेलवर. संबंध बिघडले किंवा तो माणूस नुसता नंबर बदलून बसला, की तुमच्याच नावाचं पान तुम्हाला उघडता येत नाही.

धंद्याच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल खातं काढा आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्यावर नोंदवा. एका वहीत यादी करा: डोमेन कुठून घेतलं आणि केव्हा संपतं, होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) कुठे, गूगल बिझनेस प्रोफाइल, फेसबुक आणि इन्स्टाग्राम, जाहिरातींची खाती, ॲनालिटिक्स (साइटवर किती जण, कुठून आले ते मोजणारं साधन). प्रत्येकासमोर मालक कोण आणि आणखी कोणाला प्रवेश आहे ते लिहा. दुसऱ्याला काम द्यायचं तर पासवर्ड द्यायचा नाही, 'मॅनेजर' म्हणून जोडायचं. ही सोय जवळपास प्रत्येक ठिकाणी असते, आणि काढून टाकणंही एका बटणाचं काम असतं. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड, सगळीकडे चालू करा आणि त्या वेळी मिळणारे राखीव कोड कागदावर छापून ठेवा. फोन हरवला की तेच उपयोगी पडतात.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो, साधारण वर्षाच्या हिशोबाने. 'डॉट कॉम'सारखं डोमेन मुदतीनंतर नूतनीकरण न होता रद्द झालं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ मिळतो, पण त्याची रक्कम नेहमीच्या दरापेक्षा बरीच जास्त असते. तोही गेला की पत्ता कोणीही घेऊ शकतो. म्हणून आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्याला जोडलेलं कार्ड बदललं की तिथेही बदला.

एक सावधगिरी. 'तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत इथे लॉगिन करा नाहीतर पान बंद होईल' असे मेसेज येतात, अगदी फेसबुकचं बोधचिन्ह लावून. ते चोरीसाठीच असतात. पानाला खरंच काही झालं असेल तर ते पानाच्या सेटिंगमध्ये आत दिसतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल

ज्यांचा धंदा एका भागापुरता आहे, त्यांनी एवढं एकच काम नीट केलं तरी बरंच झालं. नकाशावर आणि शोधात उजवीकडे दिसणारी नाव-पत्ता-फोन-वेळेची चौकट म्हणजे हे प्रोफाइल. २०२१ पर्यंत त्याचं नाव 'गूगल माय बिझनेस' होतं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये वेगळं नाव ऐकू येतं. ते मोफत आहे. फोन करून 'तुमचं गूगल लिस्टिंग बंद होणार आहे, पैसे भरा' असं कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.

1. गूगल नकाशात आधी स्वतःचं नाव शोधा. प्रोफाइल आधीच असेल तर नवं काढू नका, 'या व्यवसायावर दावा करा' हा पर्याय घ्या. एकाच पत्त्यावर दोन प्रोफाइलं झाली की अभिप्राय विभागले जातात आणि एखादं बंदही पडू शकतं.
2. नाव पाटीवर आहे तसंच लिहा. पाटीवर फक्त दुकानाचं नाव असताना प्रोफाइलवर 'सर्वोत्तम स्वस्त सोफा दुरुस्ती कारागीर' अशी खोगीरभरती केली तर ते नियमाविरुद्ध आहे. काही दिवस फायदा दिसतो, मग कोणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होतं.
3. मुख्य वर्ग काळजीपूर्वक निवडा. एक मुख्य आणि नऊ जादा असे दहा वर्ग घेता येतात, पण सगळ्यात जास्त वजन मुख्य वर्गाचं. 'फर्निचरचं दुकान' आणि 'सोफा-गादी दुरुस्ती' हे वेगळे वर्ग आहेत. दुरुस्ती हा तुमचा धंदा असेल आणि वर्ग दुकानाचा असेल, तर नवा सोफा घ्यायला निघालेले लोक फोन करत राहतील.
4. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तुम्हीच त्याच्याकडे जात असाल, तर पत्ता लपवा आणि सेवा देत असलेले भाग टाका. असे २० भाग देता येतात.
5. पडताळणी आता अनेकदा व्हिडिओने होते. न थांबता, न कापता, किमान ३० सेकंदांचं चित्रण लागतं. बाहेरचा रस्ता आणि पाटी, आतली हत्यारं किंवा माल, आणि ही जागा तुमच्या ताब्यात आहे हे दाखवणारं काही, जसं कुलूप उघडणं, एवढं त्यात आलं पाहिजे. नुसती पाटी दाखवली की नाकारलं जातं.
6. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. पहिल्या दोन ओळींत काय करता आणि कोणत्या भागात करता ते लिहा.

नकाशात वर-खाली कोण दिसतं हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं, आणि तसं त्यांनी जाहीर केलेलं आहे: शोधाशी तुमचं किती जुळतं, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुम्ही किती नावाजलेले आहात. अंतर तुमच्या हातात नाही. त्यामुळे दुकानात बसून स्वतःचं नाव पहिलं दिसतं म्हणून खूश होऊ नका; चार किलोमीटरवर चित्र वेगळं असतं.

'नावाजलेलं' म्हणजे मुख्यतः अभिप्राय. प्रोफाइलमध्ये अभिप्राय मागण्याची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. काम झालं, गिऱ्हाईक समाधानाने सोफ्यावर बसलं, त्या क्षणी मागा. आठवड्याने मागितलं तर फार थोडे लिहितात. 'पाच तारे द्या' म्हणू नका. 'कोणतं काम केलं आणि कसं झालं ते दोन ओळींत लिहा' म्हणा, कारण 'फोम बदलून घेतला' असे शब्द अभिप्रायात आले की पुढच्या वाचणाऱ्यालाही ते पटतात. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच लिंक पाठवणं, दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही. एकाच दिवशी नातेवाइकांकडून वीस अभिप्राय लिहून घेतले तर ते गाळले जाण्याचीच शक्यता जास्त.

वाईट अभिप्रायाला उत्तर देताना लक्षात ठेवा की ते उत्तर तक्रारदारासाठी नसतं. पुढचे शंभर वाचणारे ते वाचणार असतात. काय झालं ते एका वाक्यात मान्य करा, काय केलं किंवा करू ते सांगा, पुढचं बोलणं फोनवर न्या. त्याच्या बिलाचे आणि घराचे तपशील चव्हाट्यावर आणू नका.

सुट्टीच्या दिवशीच्या वेळा आधी भरून ठेवा. प्रोफाइलवर 'उघडे' दिसलं आणि माणूस येऊन कुलूप पाहून गेला, की एक तारा ठरलेला.

वेबसाइट: एक पान पुरे

छोट्या धंद्याला वीस पानांची साइट लागत नाही. पण पूर्ण व्यवसाय फक्त सोशल मीडियाच्या पानावर ठेवणं म्हणजे भाड्याच्या भिंतीवर पाटी रंगवणं. स्वतःच्या डोमेनवर एक पान असावं. मोबाइलवर उघडल्यावर, बोट न सरकवता, तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय करता, कुठे करता, आणि संपर्काचं बटण. 'आपले सहर्ष स्वागत' याला तिथे जागा नाही. खाली कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, भावाची कक्षा, काम किती दिवसांत होतं, नेऊन आणून देता का, हमी किती, काही गिऱ्हाइकांचे शब्द, आणि पुन्हा तेच बटण. फोन नंबर दाबला की थेट लागला पाहिजे. नंबर चित्रात लिहिलेला असेल तर तो लागत नाही आणि गूगललाही खात्रीने वाचता येतो असं नाही. तेच भावफलकाचा फोटो टाकण्याबद्दल. मजकूर मजकूर म्हणूनच टाका.

साइट हळू उघडते त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फोनमधून तसेच चढवलेले फोटो. एकेक ४-५ एमबीचा, असे दहा. पडद्यावर दिसायला सुमारे १२०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. तेवढा छोटा करून कॉम्प्रेस केला की तोच फोटो साधारण १५०-२०० केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' हे मोफत साधन उघडून स्वतःचा पत्ता टाका. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसणं हे त्यांचं चांगल्याचं माप आहे. साइट करून देणाऱ्याला हा आकडा दाखवा, वाद लवकर मिटतो.

गूगलच्या शोधात येण्यासाठी, म्हणजे ज्याला एसईओ म्हणतात त्यासाठी, सुरुवातीला एवढंच पुरतं: पानाच्या शीर्षकात काम आणि भाग असू द्या, नुसतं 'मुख्यपृष्ठ' नको, प्रत्येक मोठ्या सेवेसाठी जमल्यास वेगळं पान करा, गिऱ्हाईक फोनवर विचारतं ते प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून खाली उत्तर द्या. मग 'गूगल सर्च कन्सोल' या मोफत साधनात साइट जोडा. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे दिसतं, आणि ते तुमच्या अंदाजापेक्षा हमखास वेगळं असतं. तुम्ही 'अपहोल्स्ट्री' लिहिता, लोक 'सोफ्याचं कापड बदलणे' शोधतात.

फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष धरा. गूगलचा स्वतःचा सल्लाही तेवढाच आहे. 'महिन्यात पहिला क्रमांक, हमी' असं म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. अजूनही काही जण 'मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधला शब्दांचा लपलेला रकाना) भरून देतो' म्हणून पैसे घेतात. त्या रकान्याकडे क्रमवारीसाठी आपण बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे.

सोशल मीडिया, थोडक्यात

रोज पोस्ट करायची शपथ घेऊ नका, तिसऱ्या आठवड्यात मोडते. सुविचार आणि शुभेच्छांची चित्रं धंदा आणत नाहीत. आठवड्याला दोन पोस्ट, दोन्ही कामाच्या: फाटका सोफा आणि तयार सोफा शेजारी शेजारी, स्वस्त आणि चांगला फोम दाबून दाखवणारा २० सेकंदांचा व्हिडिओ, कापड निवडताना लोक करतात ती चूक. उभा फोन, खिडकीचा उजेड, पहिल्या दोन सेकंदांत विषय. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं अक्षरांतही द्या. पानावर गेलेल्या माणसाला शेवटची पोस्ट दीड वर्षापूर्वीची दिसली तर धंदा बंद पडला असं वाटतं. पान असण्याचा अर्धा उपयोग 'आम्ही चालू आहोत' हे कळवण्याचाच आहे.

मोजायचं काय

लाइक, फॉलोअर, 'रीच' (पोस्ट किती जणांना दिसली) हे आकडे बँकेत जमा होत नाहीत. चार आकडे वहीत मांडा, दर आठवड्याला: चौकशा किती, त्या कुठून आल्या, किती कामं ठरली, आणि त्या मार्गावर खर्च किती झाला. 'कुठून' हे कळण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे विचारणं. फोनवर, मेसेजमध्ये, प्रत्येकाला: 'आमच्याबद्दल कुठे कळलं?'

याच्या जोडीला लिंकेला शेपूट लावता येतं, त्याला यूटीएम म्हणतात. पत्त्याच्या शेवटी स्रोत, माध्यम आणि मोहिमेचं नाव जोडलं जातं आणि गूगल ॲनालिटिक्समध्ये ती माणसं वेगळी मोजली जातात. गूगलचं 'कॅम्पेन यूआरएल बिल्डर' ते आपोआप बनवून देतं. नावं नेहमी एकाच पद्धतीने, लहान इंग्रजी अक्षरांत लिहा. एकदा मोठं आणि एकदा लहान अक्षर वापरलं की तिथे दोन वेगळे स्रोत दिसतात. ॲनालिटिक्स लावलं त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन माहिती साठवण्याचा काळ २ महिन्यांवरून १४ महिने करा. नाहीतर पुढच्या वर्षी मागच्या हंगामाशी बारकाईने तुलना करायला हातात काही उरत नाही.

आता जाहिरात, आणि तिच्याआधी गणित

चलन कोणतंही घ्या. एका कामामागे साहित्य आणि मजुरी वजा जाता ३००० उरतात. दहा चौकशांतून दोन कामं ठरतात. म्हणजे एका चौकशीचं मोल ६००. त्यातला निम्मा वाटा स्वतःकडे ठेवायचा, तर एका चौकशीवर जास्तीत जास्त ३०० खर्च करता येतील. जाहिरात दाबून वेबसाइटच्या पानावर आलेल्या वीस जणांपैकी एक चौकशी करत असेल, तर एका क्लिकला १५ ही तुमची कमाल मर्यादा.

आता जाहिरातीला हात न लावता पान सुधारलं आणि दहामागे एक चौकशी येऊ लागली: मर्यादा ३०. उत्तरं वेळेवर देऊन दहा चौकशांतून चार कामं ठरू लागली: मर्यादा ६०. त्याच जाहिरातीसाठी तुम्ही आता चौपट मोजू शकता, आणि ज्याची साखळी गळकी आहे तो प्रतिस्पर्धी जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावात मागे पडतो. शेवटच्या टोकापासून सुरुवात करायची ती यासाठी.

गरज असलेला माणूस स्वतः शोधतो अशा धंद्यात (दुरुस्ती, दवाखाना, वकिली, वाहतूक) आधी गूगल शोधातली जाहिरात. लोकांना माहीत नसलेली किंवा पाहून घ्यावीशी वाटणारी वस्तू असेल, तर आधी फेसबुक-इन्स्टाग्राम.

गूगल ॲड्समध्ये खातं काढताना नवख्याला सोपा रस्ता दाखवला जातो, ज्यात बरीचशी सूत्रं यंत्राच्या हाती राहतात. शक्य तिथे 'एक्स्पर्ट मोड' निवडा. नाव भारदस्त आहे, आत फक्त जास्त बटणं आहेत. मग 'सर्च' प्रकारची मोहीम आणि हे चार बदल:

- 'डिस्प्ले नेटवर्क'ची खूण काढा. नाहीतर शोधासाठी ठेवलेले पैसे इतर साइट आणि ॲपवर जातात, आणि तिथले बरेच क्लिक चुकून झालेले असतात.
- ठिकाणाच्या पर्यायांत आधीपासून निवडलेलं असतं ते 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले'. त्याऐवजी 'तिथे असलेले' एवढंच ठेवा. हे राहिलं की दुसऱ्या देशातूनही क्लिक येतात.
- कोणत्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द टाकताना जुळणीचा प्रकार पाहा. नुसता शब्द टाकला तर 'ब्रॉड', म्हणजे गूगलला जवळचं वाटेल ते सगळं. दुहेरी अवतरणात टाकला तर 'फ्रेज', म्हणजे त्या शब्दांचा अर्थ ज्यात आहे ते शोध; चौकोनी कंसात टाकला तर 'एक्झॅक्ट', म्हणजे फक्त त्याच अर्थाचे शोध. सुरुवात शेवटच्या दोन प्रकारांनी करा.
- 'नको असलेले शब्द', म्हणजे जे शोधात असले तर जाहिरात दिसू नये ते, पहिल्या दिवसापासून भरा: नोकरी, शिका, फुकट, घरच्या घरी, जुना विकणे.

दर आठवड्याला 'सर्च टर्म्स' हा अहवाल उघडा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं तेव्हा तुमचे पैसे गेले, त्याची ती यादी असते. निरुपयोगी ओळी उचलून नकोशा शब्दांत टाका. पहिल्या महिन्यात यापेक्षा जास्त पैसे वाचवणारं दुसरं काम नाही. जाहिरातीत ३० अक्षरांची १५ शीर्षकं आणि ९० अक्षरांची ४ वर्णनं देता येतात. गूगल त्यांच्या जोड्या स्वतः लावतं, म्हणून प्रत्येक शीर्षक एकटं वाचलं तरी अर्थ लागला पाहिजे.

रोजचा खर्च ठरवला तरी एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतो. महिन्याची कमाल मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट. तेव्हा एका दिवसाचा आकडा पाहून घाबरून मोहीम बंद करू नका. निकाल लावायचीही घाई नको. वीसमागे एक चौकशी येणार असेल, तरी पहिल्या २० क्लिकमध्ये एकही न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. १०० क्लिकनंतरही शून्य असेल, तर नशिबाला दोष देऊ नका, पान किंवा शब्द तपासा. आणि गूगल ॲड्सच्या 'शिफारशी' आपोआप लागू करण्याचा पर्याय बंद ठेवा. त्यातल्या बऱ्याच शिफारशींचा अर्थ 'खर्च वाढवा' एवढाच असतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर 'बूस्ट' ऐवजी 'ॲड्स मॅनेजर' वापरा. फरक उद्दिष्टात आहे. यंत्रणेला लाइक मागितले तर ती लाइक करणारी माणसं शोधते, मेसेज मागितले तर मेसेज करणारी. ती अक्षरशः आज्ञाधारक आहे. सुरुवातीला ती शिकत असते, आणि स्थिर व्हायला आठवड्यात सुमारे ५० परिणाम (मेसेज मागितले असतील तर ५० मेसेज) लागतात. रोज उठून चित्र, रक्कम, वयोगट बदलला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थोड्या पैशांचे पाच तुकडे करून पाच जाहिराती चालवणं हीसुद्धा तीच चूक. जाहिरात दाखवायच्या लोकांचा एक गट, दोन किंवा तीन चित्रं, सात दिवस हात न लावता. महिन्या-दोन महिन्यांनी चालणारी जाहिरातही थकते: तीच माणसं ती पुन्हा पुन्हा पाहतात, 'फ्रीक्वेन्सी' चढते, दर चौकशीचा खर्च वाढतो. तेव्हा चित्र बदला, गट नको.

जुनं गिऱ्हाईक

नव्या माणसाला आणण्यापेक्षा जुन्याला आठवण करून देणं स्वस्त पडतं. काम झालं की परवानगी घेऊन नाव, नंबर किंवा ईमेल, कामाची तारीख नोंदवा. व्हॉट्सॲपची 'ब्रॉडकास्ट' यादी फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोहोचते, म्हणून काम संपताना नंबर जतन करायला सांगा. विकत घेतलेल्या नंबरांवर मेसेज टाकू नका. लोक 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबतात आणि धंद्याचा नंबरच बंद होतो.

ईमेल पाठवत असाल तर स्वतःच्या डोमेनवरून, आणि डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. पत्र खरोखर तुम्हीच पाठवलं याचा तो पुरावा असतो. दिवसाला ५,००० हून जास्त ईमेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या आहेत. तुम्ही दोनशे पाठवत असलात तरी त्यांच्याशिवाय पत्र स्पॅममध्ये जाऊन पडू शकतं. 'किती जणांनी उघडलं' या आकड्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसू शकतं. उत्तरं आणि क्लिक मोजा.

काम दुसऱ्याला देताना

हे सगळं स्वतः करायला वेळ नसेल तर माणूस नेमा, पण पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा. खाती कोणाच्या नावावर राहतील? जाहिरातीचा पैसा माझ्या कार्डावरून थेट जाईल का, आणि तुमचं मानधन वेगळं दाखवाल का? महिन्याच्या अहवालात दर चौकशीचा खर्च असेल का? बोलणी संपली तर काय काय माझ्याकडे राहील? या प्रश्नांवर जो तांत्रिक शब्दांचा पाऊस पाडतो, त्याला पुन्हा साध्या भाषेत सांगायला लावा. जमलं नाही तर दुसरा पाहा.

पहिला करार तीन महिन्यांचा करा, वर्षाचा नको. आणि तो संपला की त्याच दिवशी वहीतली खात्यांची यादी उघडून प्रत्येक ठिकाणचा त्याचा प्रवेश काढा, चालू असलेल्या मोहिमा स्वतः डोळ्यांनी पाहा आणि जाहिरात खात्यावर कोणाचं कार्ड लागलेलं आहे ते तपासा.